राखाड्याची शिंगं

चिंचवड, ३० ऑगस्ट २०२५

मोहिनीवहिनी,

नमस्कार-चमत्कार आज नाहीत. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर माझ्या तोंडून काय निघेल याचा मलाच भरवसा नाही. नवनीतदादाचा आणि तुमचा, दोन्ही नंबर ब्लॉक केलेत. काही सांगायचंच असेल तर कागदावर सांगा, पत्ता पाकिटाच्या मागे आहे.

वर्षातून दोनदा मी करणखेड्याला येतो. गणपतीला आलो, बॅग ठेवली, वर जाऊन माझं कपाट उघडलं आणि माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. माझे पाच रोबो, पाचही उभे, आणि पाचांच्या डोक्यावरच्या शिंगांना ऑइल पेंट! लाल, पिवळे, हिरवे पट्टे! वर बेगडाचे तुकडे चिकटवलेले. हातात घेतला तर खांद्याच्या सांध्यात तूप. तूप, वहिनी! हळद घातलेलं तूप! मुंग्या लागल्या होत्या मुंग्या.

जिन्यात उभं राहून मी ओरडलो ते तुम्ही ऐकलंत. अख्ख्या गल्लीने ऐकलं. तुम्ही कणकेच्या हाताने बाहेर आलात आणि शांतपणे म्हणालात, "मी रंगवले. पोळा होता." एवढंच. जणू काही वाटाणे सोलले. मी पाचही बॅगेत भरले आणि मोदक न खाता शहाद्याची एसटी धरली.

आता नीट ऐका, कारण घरात कोणालाच हे कधी ऐकायचं नव्हतं. ही खेळणी आहेत, मान्य. दुमडलं की ट्रॅक्टर, उलगडलं की दोन पायांवर उभा माणूस. पण मी वाटेल ते गोळा करत नाही. मी फक्त रंग बदललेले गोळा करतो. कंपनी एक साचा बनवते. तो आधी नारिंगी रंगात येतो, त्याला एक नाव असतं, एक स्वभाव असतो. मग तोच साचा दुसऱ्या रंगात येतो आणि त्याचं नाव बदलतं. तो वेगळाच माणूस होतो. आतलं प्लास्टिक तेच. जे काय आहे ते रंगात आहे. आणि तुम्ही नेमका रंगच नासवलात!

त्यातला राखाडी ट्रॅक्टर, ज्याला मी राखाड्या म्हणतो, तो जपानातल्या एका मेळ्यापुरताच निघाला होता. सुरतच्या एका माणसाच्या मागे लागून, माझे चांगले तीन देऊन मी तो मिळवला. ५ ऑक्टोबरला कोथरूडला आम्हा संग्राहकांचा मेळावा आहे. पहिल्यांदा मला स्वतःचं टेबल मिळालंय. एकच साचा, त्याचे सगळे रंग, एका रांगेत. राखाड्याशिवाय ती रांग म्हणजे समोरचा दात पडलेलं तोंड.

मी हा रंग काढणार आहे. ब्रेक ऑइलमध्ये बुडवून ठेवलं की ऑइल पेंट सुटतो. खालचा कंपनीचा रंग वाचेल की नाही, ते देव जाणे.

एका शब्दाने विचारलं असतंत तर? एका शब्दाने! माझी वस्तू, माझं कपाट, आणि मला कोणी विचारायचंसुद्धा नाही?

ललित


करणखेडे, ता. शहादा
६ सप्टेंबर २०२५

ललितभाऊजी,

तुमचं पत्र पोस्टमन आमशाने अख्ख्या गल्लीला दाखवत आणलं. या घरात बँकेशिवाय कोणाचं पत्र येत नाही, म्हणून त्याला वाटलं नोकरीचा कॉल असेल. मी म्हटलं, कॉलच आहे, माझी हजेरी घ्यायला बोलावलंय.

हो, मीच रंगवले. काय करणार आहात? फाशी देणार आहात?

तुम्हाला मुंग्या दिसल्या. या घरात यंदा पोळ्याला गोठा रिकामा होता, ते दिसलं का? लाल्या आणि चांद्या उन्हाळ्यात, आखाजीच्या आधी विकले. तुम्हाला ठाऊक आहे, कारण तुमच्या भावाने तुम्हालाच फोन लावला होता आणि स्पीकरवर तुम्ही काय म्हणालात ते मी भाकरी थापताना ऐकलं. "विकून टाक, पीडा जाईल. ट्रॅक्टर आहे ना?" पीडा! ज्यांच्या गळ्यात हात टाकून तुम्ही दर दिवाळीला फोटो काढलेत, त्यांना पीडा म्हणालात.

पोळ्याच्या दिवशी पुरण शिजलं. नैवेद्य दाखवायचा कोणाला? मातीचे बैल आणू का म्हटलं, तर ते नको झालं. मग वरच्या कपाटातले पाच काढले. शिंगं होती त्यांना, रंगवली. आदल्या दिवशी खांदेमळणी असते, खांद्यांना तूप-हळद चोळतात, ती पण केली. दिवसभर ओझं वाहणाऱ्याचा खांदा पोळ्याला मऊ करतात, हे तुम्हाला मी शिकवायचं? तुम्ही इथलेच ना? की पुण्याला गेल्यावर तेही ब्रेक ऑइलमध्ये बुडवलंत?

आणि विचारायचं म्हणालात. कोणाला विचारणार? पोळ्याच्या दिवशी तुमचा फोन दिवसभर बंद. मीटिंग म्हणे.

राग आला असेल तर माझ्यावर काढा, माझी पाठ रुंद आहे. पण एक ऐका. रंग धुऊ नका. मेळावा गेला खड्ड्यात असं मी म्हणत नाही, तुमच्यासाठी तो मोठा आहे, कळतं मला. पण दिवाळीपर्यंत हात लावू नका. दिवाळीला या, मग समोरासमोर बोलू. का, ते विचारू नका. वहिनी म्हणून आजवर तुमच्याकडे काही मागितलं नाही, हे मागते.

आप्पा बरे आहेत. जेवण जरा कमी झालंय.

मोहिनी


चिंचवड, ११ सप्टेंबर २०२५

वहिनी,

पत्र मिळालं. बैलांचं माझ्या माथी मारू नका. निर्णय दादाचा होता, मी फक्त हो म्हणालो. आप्पांचे गुडघे गेलेत, गोठा कोण बघणार होतं? तुम्ही?

आता मुद्द्याचं. काल रात्री राग जरा उतरल्यावर मी पाचही नीट तपासले. एकाचाही सांधा मोडलेला नाही. ओरखडा नाही. हे कसं?

मी कपाटात सगळे दुमडून ठेवले होते, ट्रॅक्टर करून. शिंगं तेव्हा आत असतात, बाहेरून दिसतसुद्धा नाहीत. शिंगं रंगवायची म्हणजे प्रत्येकाला उलगडून उभं करायला लागतं. राखाड्याला उलगडताना माझ्यासारख्या माणसाने घाम गाळलाय. माझ्या ग्रुपमधल्या एका डॉक्टरने पहिल्याच दिवशी त्याची कंबर मोडली, सर्जन आहे तो. आणि तुम्ही, वहिनी, राग मानू नका, पण मागच्या दिवाळीत तुम्ही मिक्सरचं भांडं उलटं फिरवून त्याचा दांडा तोडलात. कुकरची शिट्टी तुम्ही पकडीने काढता. तुमच्या हातून हे झालं?

साधा प्रश्न विचारतो. राखाड्याला ट्रॅक्टरचा माणूस करताना आधी काय फिरवायचं, कंबर की मागची चाकं? ज्याने उलगडलाय त्याला हे झोपेत सांगता येईल. चुकीचं आधी फिरवलं तर कंबरेची खीळ तुटतेच, त्यात सुटका नाही.

उत्तर येईपर्यंत धुणार नाही. शब्द देतो. तुम्ही दिवाळीपर्यंतचं मागितलंत, मी उत्तरापर्यंतचं देतो. खरं उत्तर आलं तर दिवाळीचंही बघू.

ललित


करणखेडे, १७ सप्टेंबर २०२५

ललितभाऊजी,

परीक्षा घेताय माझी? बारावी पास आहे मी, खांडबाऱ्याच्या शाळेतून, आणि माझा पेपर कोणी दुसऱ्याने लिहिला नव्हता.

आधी मागची चाकं फिरवायची. मग कंबर.

झालं समाधान? आता दिवाळीपर्यंत थांबा. शब्द दिलाय तुम्ही.

मिक्सरचं म्हणाल तर तो दांडा आधीच तडकलेला होता, तुमच्या भावाने उसाचा रस काढायला घेतला होता त्यात. माझं नाव झालं फुकटचं.

मोहिनी


चिंचवड, २२ सप्टेंबर २०२५

मोहिनीवहिनी,

खोटं. साफ खोटं.

आधी कंबर फिरते, मग चाकं. चाकं आधी फिरवली असती तर राखाड्याचे दोन तुकडे माझ्या हातात आले असते. तुम्ही त्याला कधी हातसुद्धा लावलेला नाही. आणि माझ्या तोंडावर, पत्रात, सही करून खोटं लिहिता?

मला कळलं आता. दादा. नवनीतदादाशिवाय हे कोण करणार? लहानपणी माझी मोटार त्यानेच विहिरीत टाकली होती. चाळिशी आली तरी लोकांसमोर म्हणतो, "आमना ललित अजून खेळना खेळस." ट्रॅक्टर त्याचा, बैल त्याने विकले, आणि वर माझ्या ट्रॅक्टरला शिंगं रंगवून मजा घेतली. मोबाइलवर व्हिडिओ बघून उलगडले असतील, त्याला तेवढं जमतं. हसला असेल पोट धरून. आणि तुम्ही नवऱ्याचं पाप पदराखाली घेऊन मला पोळ्याचं पुराण सांगता. खांदेमळणी शिकवता. खांडबाऱ्याहून आलेल्या बाईला आमच्या घरात कोणाचं काय लागतं ते काय कळणार? तुम्हाला फक्त नवऱ्याची बाजू कळते.

तर सांगतो. तुमचं उत्तर काल संध्याकाळी आलं आणि काल संध्याकाळीच मी राखाड्याचं डोकं काढून ब्रेक ऑइलमध्ये टाकलं. उत्तरापर्यंत थांबेन म्हणालो होतो, थांबलो. सकाळी जुन्या टूथब्रशने घासलं. लाल गेला, पिवळा गेला, हिरवा गेला. त्याच्याबरोबर कंपनीची चंदेरी पण गेली. आता शिंगं म्हणजे नुसतं कोरडं, भुरकट प्लास्टिक, कुरतडल्यासारखं. जगात असे फार थोडे राखाडे असतील, त्यातला एक संपला. रांगेत मी त्याची जागा रिकामी ठेवणार आहे. ती बघून जो विचारेल त्याला सांगेन, माझ्या सख्ख्या भावाची कृपा.

उरलेले चार मेळाव्यानंतर धुणार. दादाला हे पत्र वाचून दाखवा.

ललित


करणखेडे, २६ सप्टेंबर २०२५

ललितभाऊजी,

आता मी ओरडते आणि तुम्ही ऐका. पत्र मी कोणाला वाचून दाखवलेलं नाही. तुमचा भाऊ त्या दिवशी नंदुरबारच्या मार्केटला मिरची घेऊन गेला होता. पोळा आहे हेच त्याला संध्याकाळी आठवलं. तुमची ती खेळणी त्याने आजवर धड पाहिलेली नाहीत.

आप्पांनी रंगवली. तुमच्या बापाने.

बसा आता खाली, आणि पुढचं वाचा.

तुम्हाला वाटतं आप्पांच्याने जिना चढवत नाही. दुपारी जेवले की ते रोज वर जातात, एकेक पायरी, कठड्याला धरून. मला वाटायचं वर गार असतं म्हणून झोपतात. एकदा चहा घेऊन गेले तर तुमचं कपाट उघडं आणि आप्पा मांडी घालून, मांडीवर तो राखाडी ट्रॅक्टर. खिडकीला आतून गोणपाट लावलेलं, कारण तुम्ही कधीतरी म्हणाला होतात की उन्हाने त्यांचा रंग उडतो. मला म्हणाले, "कोनले सांगू नको. ललितले आवडाव नही." मी विचारलं, मोडलं तर? तर म्हणाले, "खांदा जठे वळत नही, तठे जोर करानं नही. बैल असो का हाई असो." तुम्ही गेलात पुण्याला, ते तुमची खेळणी शिकत बसले. किती दिवसांत शिकले ते मला माहीत नाही, पण तुमच्या त्या सर्जनापेक्षा बरे शिकले.

आता बैलांचं. तुम्ही म्हणता दादाचा निर्णय. तुम्ही दोघांनी फोनवर ठरवलंत, आणि आप्पा तेव्हा शेतात होते. दुपारी विसरवाडीचा टेम्पो आला आणि जोडी चढवून घेऊन गेला. मी म्हटलं, आप्पांना येऊ द्या. तुमचा भाऊ म्हणाला, त्यांच्यासमोर विकलेच जाणार नाहीत. संध्याकाळी आप्पा डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन आले. गोठ्याच्या दारात उभे राहिले. भारा खाली टाकला नाही बराच वेळ. मग गव्हाणीत रिकाम्या खुंट्यासमोर चारा पसरला आणि हात धुऊन ओसरीवर बसले.

पोळ्याच्या आदल्या दिवशी माझ्याकडे तूप-हळद मागितली. मला वाटलं शेजारच्या दोधूच्या बैलांना लावतील. दुसऱ्या दिवशी वर गेले तर पेपर अंथरलेला, रंगाचे जुने डबे उघडलेले, पाचही जण ओळीने उभे. मी चेष्टेत म्हटलं, "आप्पा, रंगवायचंच तर दारातला ट्रॅक्टर रंगवा ना!" तर असे बघितले माझ्याकडे. "त्याले शिंगं कोठे शेतस? ह्यासले शेतस." आणि परत काडी रंगात बुडवली. लाल्याच्या शिंगाला जसे पट्टे काढायचे तसेच, आधी लाल, वर पिवळं कडं, टोकाला हिरवं. हात थरथरत होता, तरी पट्टा कुठे फुटला नाही.

संध्याकाळी सगळ्या गावाची जनावरं मारुतीला निघाली. आप्पांनी थाळीत पाचही ठेवले, वर धुतलेला टॉवेल टाकला आणि सगळ्यांच्या मागे चालायला लागले. वेशीपाशी दोधूने टॉवेल उचलून बघितला आणि हसला. "भटूआप्पा, नातूसनी खेळनी लई उना का?" चार माणसं हसली. आप्पा म्हणाले, "ह्याबी वझं वढतस." बस. मारुतीला फेरा घालून घरी आले. मी पाचांना ओवाळलं, पुरणपोळीचा घास दाखवला. म्हणून मी जे "मी रंगवले" म्हणाले, ते सगळंच खोटं नाही.

तुम्ही आलात. जिन्यात उभं राहून काय ओरडलात, आठवतं का? "कोणत्या गाढवाने हे केलं?" आप्पा ओसरीच्या झोक्यावर होते. झोका थांबला. ते उठले, वहाणा पायात घालायला लागले, आणि पायाला वहाण सापडेना. ते बघून मी स्वयंपाकघरातून बाहेर आले आणि म्हणाले, मी. दुसरं काय करणार होते?

आप्पांनी मला शपथ घातली होती, ललितला कळता कामा नये. म्हणून मी चाकांचं उत्तर अंदाजाने लिहिलं. त्यांना विचारलं असतं तर त्यांना कळलं असतं की तुम्ही धुणार आहात.

आणि एक. तुम्हीच म्हणता ना, रंग बदलला की नाव बदलतं, तो वेगळाच माणूस होतो? त्या दिवशी आप्पांनी राखाड्याला नवं नाव दिलं होतं. ते त्याला चांद्या म्हणत होते. तुम्ही चांद्याला ब्रेक ऑइलमध्ये बुडवलंत, भाऊजी. टूथब्रशने घासलंत.

शपथ मोडली मी आज. तुमची सगळी पत्रं आणि माझं हे त्यांना वाचून दाखवूनच पाकीट बंद करणार आहे. खांडबाऱ्याची बाई आहे मी, अर्धवट काम करत नाही.

मोहिनी


चिंचवड, ६ ऑक्टोबर २०२५

वहिनी,

तुमच्यावर मी अजून चिडलेलो आहे. एक ओळ! पहिल्या पत्रात एक ओळ लिहिली असतीत, "आप्पांनी केलंय", तर मी त्या बाटलीचं झाकणसुद्धा उघडलं नसतं. शपथा कसल्या पाळत बसता? माझ्या बापाचं मला सांगायला तुम्हाला शपथ आडवी येते?

खांडबाऱ्याचं जे लिहिलं ते लिहायला नको होतं. लिहिताना मला ठाऊक होतं की ते तुम्हाला लागेल, म्हणूनच लिहिलं.

नंबर अनब्लॉक केले. चार दिवस आप्पांना फोन करतोय, उचलत नाहीत. दादाने उचलला, म्हणाला, "तेस्ना जवळ फोन नेला तं उठीसन गोठाकडे जातस." रिकाम्या गोठ्यात काय करतात ते?

काल मेळावा झाला. चार रंगलेले मी तसेच मांडले, बेगडासकट. राखाड्याची जागा रिकामी. लोक बाकीची टेबलं सोडून त्या चौघांपाशी थांबत होते. एक जण म्हणाला, हे कोणाचं काम आहे, माझे पण करून देतील का? मी म्हटलं, माझ्या वडिलांचं आहे आणि ते कोणाचं काम घेत नाहीत. असं म्हणताना माझा आवाज चढला. तो बिचारा घाबरून पुढे गेला.

घरी येऊन मी स्वतः राखाड्याची शिंगं रंगवायला घेतली. माझ्याकडे बारीकातले बारीक ब्रश आहेत, भिंग आहे, टेप आहे. उरलेल्या चौघांपैकी एक समोर ठेवून तसेच पट्टे काढले. एकदम सरळ आले. आणि ते बघून मला इतका संताप आला की मी परत पुसून टाकले. तसं होत नाही ते. आप्पांचं कडं जिथे हात थरथरला तिथे जरा जाड आहे, आणि तेच बरोबर दिसतं.

म्हणून या पत्राबरोबर डबा पाठवतोय. राखाड्या आहे त्यात, कापसात गुंडाळून. आप्पांना म्हणा, परत रंगवा. लाल, पिवळं, हिरवं, होतं तसं. रंगाचे डबे अजून वाळले नसतील. दिवाळीला मी येतोच आहे, तेव्हा घेऊन जाईन. बाकीचे चार मी धुतलेले नाहीत, धुणार नाही.

त्यांना नक्की सांगा.

ललित


करनखेडं
१५ आक्टोबर

ललित,

मोहिनी म्हने मी लिखी देस. मी नही म्हनं. मन्हं मी लिखस. अक्षर वाकडं शे, वाची ले.

डबा उना. चांद्या उना. त्यानं डोकं देखं. धोवाई धोवाई त्याना जीव काढा तू.

तू लिखं का कोनी इचारं नही. बराबर शे. मी इचारं नही. घरमा व्हतं, आपलं समजीन लिधं. तुन्ही वस्तू व्हती, तुले राग उना, येवालेच जोयजे.

पन लाल्या नी चांद्या टेम्पोमा चढावात तव्हय माले कोनी इचारं? नवनीतनी नही इचारं. तू पुनाले बसीसन फोनवर सांगं, ईकी टाका. मी डोकावर चारा लईसन दारमा उभा. तो चारा कोनले घालू ते तरी इचारतात.

नी रंग धोयात तव्हयबी नही इचारं. पिलास्टिक तुन्हं व्हतं. रंग मन्हा व्हता.

मोहिनीले खांडबारानी म्हनं तू. ती ह्या घरनी शे, आठली शे. तुन्हापेक्षा जास्त आठली शे. दिवाईले येशी तव्हय सगयासमोर तिना पाय पड, तेन्हा पहिले मन्हासमोर येवानं नही.

आते म्हनस परत रंगाडा. मी काय दुकान उघाडं शे का? पोळा व्हई गया. शिंगं पोळालेज रंगाडतस, दिवाईले नही. कोरडा ऱ्हाऊ दे त्याले वरीसभर. तूबी देख, मीबी देखस.

कपाटमा ठेवेल शे. गोनपाट लावेल शे, ऊन येत नही.

पुढला पोळाले ये. मीटिंग सोडीसन ये. काडी नी रंग मी काढी ठेवस. पन आधी मन्हासमोर बस, नी माले इचार. मी हो म्हनं तं रंगाडसूत.

भटू